आतली कडी

तात्या, वाचनालयाच्या अंकासाठी तुमच्यावर दोन पानं लिहून द्या, असं मला सांगितलंय. जन्म कधीचा, हात कुणाकडं बसला, कोणत्या देवळाचा सभामंडप तुमच्या हातचा, ही माहिती लोकांना आहेच. काष्टीतल्या निम्म्या चौकटींना तुमचा रंधा लागलाय, ते मी नव्यानं काय सांगणार. मला तुमच्याशी भांडायचं राहिलंय. महिना झाला तुम्हाला जाऊन आणि महिनाभर मी मनातल्या मनात भांडतेय. म्हटलं, कागदावरच भांडावं.

भांडण बंद खोलीवरून. आपलं दुसरं भांडण होतं कधी?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी एवढं सांगते. तात्या सुतार सातवी शिकलेले, आणि रहस्यकथांचे वेडे. त्यातही एकाच तऱ्हेच्या. खोली आतून बंद, आत माणूस मेलेला, मारणारा आत नाही आणि बाहेर पडायला वाट नाही. असं पुस्तक आलं की दौंडचा रद्दीवाला ते तात्यांसाठी बाजूला काढून ठेवायचा. तात्यांच्या खोलीत त्यांनी स्वतः केलेलं कपाट होतं, ते अशाच पुस्तकांनी भरलेलं. घरातला नियमही त्यावरूनच पडलेला. तात्यांनी दार लावलं म्हणजे ते शेवटच्या प्रकरणात आहेत. कुणी वाजवायचं नाही.

तुमची-माझी ओळख एका दारावरून झाली. मी एकोणीस वर्षांची. तोवर आमच्या घराला दार नव्हतं, गोणपाट होतं. बाप साखर कारखान्याच्या यार्डात पोती उचलायचा. त्यानं पत्र्याची खोली बांधली आणि दाराला तुम्हाला बोलावलं. मी श्रीगोंद्याच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, हे मी तेव्हाही सगळ्यांना सांगायचे, आजही सांगते. त्यात लाजायचं काय? तुम्ही बाहेरची कडी बसवलीत आणि बापाला विचारलंत, आतली कुठं लावू? बाप म्हणाला, आतली कशाला, आमचं काय चोरीला जाणार?

"चोरासाठी बाहेरची असती," तुम्ही म्हणालात. "आतली माणसासाठी असती. पोरगी कॉलेजात जाती. तिला दार लावून वाचत बसता आलं पायजे."

बाप म्हणाला, मग आम्ही सगळ्यांनी बसायचं कुठं? तुम्ही तोंडातला खिळा काढून शांतपणे म्हणालात, बाहेर.

आई पदर तोंडाला लावून हसली होती. पण ती कडी लागली. मी बी.ए. झाले, एम.ए. झाले, कॉलेजात शिकवायला लागले, ते सगळं त्या कडीच्या आत बसून. ते मी तुम्हाला कधी तोंडानं बोलून दाखवलं नाही. आभार मानले असते तर तुम्ही पटाशी फेकून मारली असती.

दुसऱ्या दिवशी उरलेले स्क्रू पिळायला आलात तेव्हा वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुस्तक घेऊन आलात. अट एकच. शेवटचं प्रकरण वाचायच्या आधी येऊन सांगायचं, कसं केलं असंल. मी चुकीचं सांगितलं. तुम्ही इतके खूश झालात की लगेच दुसरं पुस्तक दिलंत.

कुणी मारलं, याच्याशी तुम्हाला काही देणंघेणं नसायचं. कुनी मारलं ते पारावर विचारा, तिथं सांगतील, असं म्हणायचात. माझं म्हणणं, का मारलं ते महत्त्वाचं. तुम्ही म्हणायचात, का ते वकिलाचं काम, कसं ते कारागिराचं. मग मी चिडून म्हणायचे, या पुस्तकांत मेलेल्यासाठी कुणी रडत का नाही? दार उघडलं की सगळे आधी कडी बघतात, मग मढं. तुमचं उत्तर तयार असायचं. रडायला बाहेर जागा हाय की, पुस्तकात तरी काम करू द्या.

एकदा मी विचारलं होतं, त्याच त्या गोष्टीत तुम्हाला इतकं काय सापडतं? तुम्ही पटाशीला धार लावत होतात. म्हणालात, जगात लई गोष्टींना उत्तर न्हाई. पाऊस का आला न्हाई, धडधाकट बैल का बसला, तुझी काकू सकाळपासून का बोलंना. पण दार माणसानं केलेलं असतं, कडी माणसानं केलेली असती. माणसानं बंद केलेलं माणसाला उघडता आलंच पायजे. ते वाचलं की बरं वाटतं, झोप लागती.

मला ती पुस्तकं वेगळ्याच कारणानं आवडायची. आठ माणसांच्या खोलीत वाढलेल्या मुलीला एका माणसाची बंद खोली म्हणजे चैन वाटते, मग तो माणूस मेलेला का असेना. हेही कधी बोलले नाही. तुम्हाला वाटायचं, मी कोडं सोडवतेय. मी त्या खोलीत राहून येत होते.

पुस्तकातली प्रत्येक युक्ती तुम्ही तुमच्या दारावर करून बघायचात. दोऱ्याची युक्ती आठवते? कडीला दोरा बांधायचा, तो चौकटीच्या फटीतून बाहेर काढायचा, दार ओढून घ्यायचं आणि बाहेरून दोरा ओढला की आतली कडी लागते. वैशाखातला रविवार. आपण दोघं बाहेर, आत कुणी नाही. तुम्ही दोरा ओढलात, कडी सरकली आणि दोरा तुटला. खोली आतून बंद आणि आत पिठाचा डबा. तुम्ही लहान पोरासारखे टाळ्या वाजवत होतात. काकू परात घेऊन आल्या, दाराकडं बघितलं, आपल्याकडं बघितलं. म्हणाल्या, "पुस्तकातला मेला तो मेला. हितं जित्यांच्या भाकरीचं काय करायचं ते सांगा."

तेव्हा खोलीवर पत्रा होता. तुमच्या संभानं, म्हणजे तुमच्या मुलानं, त्या उन्हात वर चढून पत्रा उचकटला आणि आत उतरला. तो माझ्याच वयाचा. दहावीला दोनदा बसून त्यानं शाळा सोडली होती आणि तुमच्या हाताखाली आला होता. दार उघडून बाहेर आला तेव्हा तळहात भाजलेले. तुम्ही त्याला पाणीसुद्धा विचारलं नाहीत, तात्या. तुम्ही माझ्याशी बोलत होतात, दोरा कुठल्या जातीचा घ्यायला हवा होता ते. मला त्या वेळी ते दिसलं नाही. आता दिसतं. तुमचं हसणं-खिदळणं माझ्या वाट्याला आलं आणि संभाच्या वाट्याला कामातल्या चुका. मी काही ओढून घेतलं नव्हतं, पण मिळत होतं ते सोडलंही नाही.

आपलं एक भांडण मिटलंच नव्हतं. काही पुस्तकांत उत्तर असं असतं की खोली बंद नव्हतीच. दार उघडून पहिला आत जाणारा माणूस खोटं बोलतो, कडी आतून होती म्हणून. तुम्हाला त्या उत्तराचा भयंकर राग. म्हणायचात, "लेखकाला दार कळत न्हाई, म्हणून तो माणसाला लबाड करतो." मी म्हणायचे, तेच सगळ्यात खरं उत्तर, कारण दार खोटं बोलत नाही, माणूस बोलतो. तुम्ही पुस्तक माझ्या हातातून काढून घ्यायचात. पाच-सहा वेळा तरी झालं असेल.

आता पुढचं लिहायचंय.

यंदाच्या आषाढात तुम्हाला मोरीत चक्कर आली. काकूंना जाऊन तेव्हा चार वर्षं झालेली, तुम्ही खोलीत एकटेच असायचात. दुसऱ्या दिवशी संभा माझ्याकडं आला. म्हणाला, "बाई, तात्यांना सांगा, आतली कडी लावत जाऊ नका म्हनावं. आत पडले तर कळायचं कसं? माझं ते ऐकत न्हाईत. तुमचं ऐकतेत."

मी आले. तुमच्यासमोर विषय काढला. तुम्ही चष्मा खाली घेऊन फक्त "तूबी?" एवढंच म्हणालात. मला माझ्या घराचं पहिलं दार आठवलं, आणि मी जागच्या जागी पलटले. मागं उभ्या असलेल्या संभाला मी व्याख्यान दिलं. माणूस म्हातारा झाला म्हणून त्याची कडी काढून घेता येत नाही, दार लावून बसायचा त्याचा हक्क आहे, काळजी वेगळी आणि पाळत वेगळी. छान बोलले मी. वीस वर्षं वर्गात बोलतेय. संभाकडं तसे शब्द नव्हते. तो "बरं" म्हणाला आणि कामाला गेला. तुम्ही मला डोळा मारलात. आपण जिंकलो होतो.

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. संभा सकाळी साडेसहाला दौंडच्या कामावर निघाला. जाताना तुम्हाला सांगावं म्हणून त्यानं दार लोटून बघितलं. सरकलं नाही. कडी लावलीय, वाचत बसले असतील, म्हणून तो गेला. त्याच्या बायकोनं, रेखानं, चहा झाकून ठेवला. नियमच होता, वाजवायचं नाही. साडेदहापर्यंत चहा तसाच. तिनं हाका मारल्या, मग संभाला फोन, मग मला. संभा आला तोवर सव्वाअकरा. पहार आणली, पण तुमच्या दारावर घालायला त्याचा हात उठेना. वरती आता स्लॅब. मागच्या खिडकीचे दोन गज त्यानं ग्राइंडरनं कापले. आतून पलंग रिकामा दिसत होता, दार कपाटाआड. फट त्याच्या खांद्यांना पुरेना. मी अंगानं काडी. त्यानं मला उचलून आत घातलं आणि तो पळत पुढं दाराशी गेला.

मी कपाटाला वळसा घालून गेले. तुम्ही दाराशी पडलेले होतात, सगळं अंग फळ्यांना टेकलेलं. गार झाला होतात. आणि वरती कडी उघडी होती.

उघडी, तात्या. दार नुसतं लोटलेलं. ते तुमच्या अंगामुळं अडकलं होतं. सकाळी साडेसहाला कुणी दोन्ही हातांनी जोर लावला असता तर ते हललं असतं. पण कडी लावलीय हे आम्हा सगळ्यांना इतकं पक्कं माहीत होतं की जोर कुणी लावलाच नाही.

तेवढ्यात बाहेरून संभाचा आवाज आला. "बाई, कडी लावलेली हाय ना? आतून कडी हाय ना?"

तो तुमच्याबद्दल विचारत नव्हता. तुम्ही गेलात हे माझ्या गप्प राहण्यावरून त्याला कळलं असावं. तो स्वतःबद्दल विचारत होता. मी त्याला तीस वर्षं ओळखते, असा आवाज त्याचा कधी ऐकला नव्हता.

मी म्हटलं, व्हय, हाय. तुम्हाला काखेत धरून जरा बाजूला सरकवलं. मग कडी लावली आणि काढली, त्याला ऐकू जावी अशी. दार उघडलं. तो आत आला. रेखानं हंबरडा फोडला. आणि मी, तुमच्याशी इतकी वर्षं भांडून त्या उत्तराची बाजू घेणारी, कोपऱ्यात उभी राहिले. कडी आतून होती, असं मी डॉक्टरला सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं. डॉक्टर म्हणाले, पहाटे कधीतरी गेले असतील, नक्की वेळ सांगता येत नाही.

मी तोंडावर बोलणारी बाई. गावात माझी तीच ओळख आणि मला तिचा गर्व आहे. दहाव्याला नदीवर सगळ्यांसमोर संभा म्हणाला, "बाई, तुमी कडीचा हट्ट धरला नसता तर तात्या आज असते." लोक माझ्याकडं बघायला लागले. एका वाक्यात मी सुटले असते. कडी नव्हतीच, एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हटलं की मी सुटणार आणि तो अडकणार, साडेसहाला दार लोटून निघून गेलेला मुलगा म्हणून. मी खाली बघितलं. मला खाली बघायची सवय नाही, तात्या. मान दुखली.

तेराव्यानंतर दोन दिवस मला अन्न गेलं नाही. खोटं त्याच्या भल्यासाठी बोलले, की त्याला खरं झेपणार नाही असं मीच ठरवून टाकलं? दहावी नापास म्हणून? हा प्रश्न मला सोडेना. शेवटी उठले आणि सांगायला गेले. संभा पडवीत एका फळीला रंधा मारत होता. मी म्हटलं, भाऊ, त्या दिवशीचं एक बोलायचंय. त्यानं रंधा खाली ठेवला, हात पुसले आणि मला तुमच्या खोलीत घेऊन गेला. दार लोटून घेतलं आणि कडी सरकवली. कर्रर्र करत अडकत अडकत ती लागली. मग काढली. पुन्हा तसाच आवाज.

"रोज लागनारी कडी अशी वाजत न्हाई," तो म्हणाला. "तात्यांची कडी लोन्यासारखी चालायची, तेलाचं बोट तेच लावायचे. हिला पावसाळ्यातला गंज चढलाय. पोळ्याच्या आधीपासून तरी ती लागलेली न्हाई. त्या दिवशी मी दाराला कान लावून हुतो, बाई. आधी लागल्याचा आवाज आला, मग निघाल्याचा."

तो रहस्यकथा वाचत नाही. तुम्ही म्हणायचात, त्याला त्यातलं काही कळायचं नाही.

मी विचारलं, मग नदीवर मला तसं का बोललात? म्हणाला, तुमी रागानं तरी खरं बोलताल म्हनून. बोलल्या न्हाईत तवा समजलं, तुमीबी माझ्यासाठीच वझं धरून हाईत.

 मग त्यानं एकच विचारलं. "तात्यांचं तोंड दाराकडं हुतं का पाठ?"

खोटं बोलायची ताकद माझ्यात उरली नव्हती. म्हटलं, तोंड दाराकडं होतं. हात वर केलेला होता.

तो खाली बसला. "म्हंजे मी लोटलं तवा..." म्हणाला आणि थांबला. मी म्हटलं, ते कुणालाच सांगता येणार नाही. डॉक्टरलाही नाही. त्यानं मान हलवली, पण ती हो म्हणून नव्हती. मग भिंतीकडं बघत म्हणाला, "माझं ऐकलं हुतं त्यांनी. पोळ्याच्या आधीपासून. बोलले न्हाईत कुनाला, पन ऐकलं हुतं."

यावर माझं तुमच्याशी भांडण आहे. तुम्ही त्याचं ऐकलंत. मला डोळा मारलात, जिंकल्यासारखं हसलात आणि आत जाऊन गुपचूप त्याचं ऐकलंत. का? त्याच्यापुढं हरलो हे दिसू नये म्हणून? की माझं व्याख्यान वाया गेलं असं मला वाटू नये म्हणून? एक वाक्य बोलायचं होतं, तात्या. "संभा, मी कडी लावत न्हाई हल्ली." चहा पिता पिता, पेपरातून डोकं वर न काढता बोलला असतात तरी चाललं असतं. साडेसहाला त्यानं दार लोटलं, सरकलं नाही, तेव्हा त्याच्या मनात आलं असतं की कडी तर नसते, मग अडलंय कशानं? त्यानं जोर लावला असता. तुम्ही वाचला असतात की नाही, मला माहीत नाही. पण तो तुमच्याजवळ पोचला असता. माणसानं बंद केलेलं माणसाला उघडता येतं म्हणायचात. उघडंच होतं की. आम्हाला कुणी सांगितलं नाही.

रागावलेय मी तुमच्यावर, आणि त्याच वेळी कुणाला तुमच्याबद्दल वावगं बोलू देत नाही. परवा एक जण म्हणाला, म्हातारा हट्टी होता. मी त्याला तिथंच गप्प केलं.

हे लिहायचं ठरलं तेव्हा संभाला विचारलं. म्हटलं, अंक गावभर वाचला जातो, ही गोष्ट आपल्यातच ठेवू का? तो म्हणाला, "लिवा. मी जोर लावला न्हाई, ते लिवा. आन त्यांनी माझं ऐकलं हुतं, तेबी लिवा. त्यातलं एकच लिवनार असाल तर काहीच लिवू नका."

दोन्ही लिहिलंय. काल त्याच्यासमोर बसून सगळं वाचून दाखवलं.  वाचून झाल्यावर म्हणाला, परत वाचा. मी विचारलं, कुठून?

म्हणाला, "मी दार लोटलं तिथून."